नातेपुत्याच्या वाटेवर

वारीला निघताना लेकीने हातात एक छोटी वही ठेवली. "आई, रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या. दिवसभरातल्या चांगल्या, फक्त चांगल्या." माझी आई जाऊन चार महिने झाले होते आणि मी घरात सगळ्यांवर डाफरत होते, म्हणून. वही पिशवीच्या तळाशी गेली.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, मग पुणे, दिवे घाटाची ती ३० किलोमीटरची चाल, सासवड, जेजुरी. वही कोरीच. नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान पाहिलं. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात माउलींचा अश्व समोरून धावत गेला आणि हुंदका आवरेना. पण त्याच रात्री टँकरच्या रांगेत कोणीतरी माझी बादली मागे सारली आणि मी तेवढंच मनात धरून झोपले.

तिथी-वाराचं भान राहिलं नव्हतं. बरडहून नातेपुत्याला निघालो तो दिवस मात्र लख्ख आठवतो. पावसाचा थेंब नाही. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो, तिथल्या स्वागताच्या गर्दीत पाय तुडवला गेला आणि टाचेचा फोड ठणकायला लागला. चवड्याला आणखी दोन होते. दिंडी पुढे निघून गेली. आपल्याच दिंडीचे टाळ लांब जाताना ऐकू येतात ना, ते फार लागतं. बाभळीखाली बसले आणि विठ्ठलाचाच राग आला. आई तळमळत होती तेव्हा हा कुठे होता?

"पाय दाव, माय."

सत्तरी ओलांडलेली म्हातारी. डोक्यावर तुळस, पायात झिजलेल्या स्लीपर, बोली परभणीकडची. मी पाय आखडून घेतले. आईच्या वयाच्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा?

"आगं, माउलीचेच पाय हायेत की."

तुळस सावलीत ठेवून तिने कमरेची चंची सोडली. कापडात खोचलेली सुई काढली, दोरा ओवला, खोबरेलाच्या बाटलीत बुडवला. सुई फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडे बोटभर सोडून तोडला. दोऱ्यावाटे पाणी झिरपायला लागलं. "कातडं सोलायचं न्हाई. खालचं कवळं ऱ्हातं, त्याला पांघरूण लागतं." तिन्ही फोड झाले. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने टाच बांधली, पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. माझ्या पायांना असं कोणी शेवटचं केव्हा धरलं होतं? लहानपणी, आईने, काटा काढताना. मी रडायला लागले. तिने विचारलं नाही का म्हणून.

बोलता बोलता कळलं, गेल्या साली पावसाने ओढ दिली आणि तिला दुबार पेरावं लागलं. यंदा मृगाचा शिडकावा झाल्यावर पेरलं आणि निघाली. मागे आभाळ आलं की नाही, कोण जाणे.

"आजी, राग नाही येत त्याचा?"

"येतो की. रानात हुबं ऱ्हाऊन शिव्या देते त्याला. दुसरं हाय कोण मला? मंग म्हनते, पेराया हात दिलेस, चालाया पाय दिलेस, येते बाबा."

माझ्या मनातलं ओझं तिथेच हललं. आईचं दुखणं मी रोज उगाळत होते. तिच्या हातचा एक घाससुद्धा इतक्या दिवसांत आठवला नव्हता.

तिची दिंडीही पुढे गेली होती. तिच्या खांद्याला धरत नातेपुते गाठलं तेव्हा तळावरची, पालखीपुढची समाजआरती होऊन गेली होती. आमच्या बायकांनी सरकून तिला जागा केली, खरं तर राहुटीत पाय पसरायलाही जागा नव्हती. त्यांच्यावर मी किती धुसफुसले होते! ताटात पिठलं-भाकरी आली. ती खाताना मला आईची लसणाची चटणी आठवली, चव जिभेवर आली इतकी.

पहाटे तंबू काढायची घाई चालली होती. म्हातारी पटकूर गुंडाळून, जिथे निजली होती त्या जागेवर वाकली, दोन्ही तळवे टेकवले आणि कपाळाला लावले.

"रातभर पाठ टेकू दिली तिनं."

मीही वाकले. वावरातली ढेकळं होती, रात्रभर टोचलेली. आपण निजलो तेवढीच जागा कोमट होती. हाताला माती लागली, ती पुसली नाही. बाहेर वीणेकरी उभे होते.