एकाच फुलाचं रोप

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत यायचं ते पिवळी मैदानं बघायला, असं कधीचं ठरवलं होतं. 2005 आणि 2016 मध्ये डेझर्ट गोल्डच्या फुलांनी हे वाळवंट भरून गेलं होतं. यंदा पाऊस फारसा झालाच नाही. खडी, मीठ आणि डोळे दिपवणारं ऊन. सकाळभर मनात एकच: मी पोचते तेव्हाच सगळं ओसरलेलं कसं असतं? प्रदर्शनाचं तेच झालं. आईचंही. जाऊ दे.

दुपारी ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसले होते, तिथे दिसलं. पर्पल मॅट. एरवी ही रोपं जमिनीलगत चांगली पसरतात. हे जेमतेम अंगठ्याएवढं, आणि त्यावर एकच जांभळट गुलाबी फूल. पोटावर आडवं पडून बघितलं. पाचही पाकळ्या नीट.

तेव्हापासून एकच घोकतेय: हे यंदाच का उगवलं?

इथे वर्षाला सरासरी 50 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कितीतरी हंगामी रोपांच्या बियांत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. पावसानं ती धुऊन निघाली तरच बी रुजतं, नुसत्या शिडकाव्यानं नाही. आणि चांगल्या पावसातही सगळ्या बिया उठत नाहीत. काही मातीतच राहतात. जीवशास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी 1966 मध्ये याचं गणित मांडलं होतं. जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथे सगळं बी एकाच वर्षी लावलं तर एका अवर्षणात वंश संपतो.

म्हणजे थांबणं हेही जगणंच. हे वाचून मला किती बरं वाटलं होतं! कित्येक महिन्यांत कागदाला हात लावला नाही, तर मी मातीतलं बी आहे, असं म्हणता येत होतं.

पण हे रोप थांबलं नाही. रुजण्यापुरतं पाणी मिळालं, पसरण्यापुरतं नाही. मग पानं मोजकी, खोड ठेंगणं, आणि फूल मात्र पुरतं. त्यात धरेल तेवढं बी पुन्हा मातीत जाईल. खरंच, यंदाच का? कुणी बघायला येईल म्हणून तर नाहीच.

संध्याकाळी वही काढली. पान छोटंच घेतलं, तळहाताएवढं. देठ जरा जाड झालाय, राहू दे तसाच. उद्या बाकीचे बॅडवॉटरला, समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली जाणार आहेत. त्यांनी जावं. मी ऊन चढायच्या आत त्या पात्रात जाऊन पाकळ्यांचा रंग नीट बघून घेणार आहे. आज तो लागला नाही.