खटक्यावर बोट

आमच्या कोल्हापुरात काहीही अडलं की पहिला उपाय म्हणजे ढकलणं. दुसरा उपाय, आणखी दोघांना हाक मारून ढकलणं. तालमींचं गाव, त्याला इलाज नाही.

जुलै 2021. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43, हे आकडे इथं पाढ्यांसारखे पाठ असतात. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून पाऊस लागला की शाहूपुरीत कोणी निवांत झोपत नाही. पाणी कुंभार गल्लीत शिरल्याचं कळलं आणि मी पार्किंगमध्ये पळालो. गाडी लॉकडाऊनभर जागची हललेली नव्हती. किल्ली फिरवली. स्टिअरिंग तेवढं सुटलं, बाकी सगळं मुकं. बॅटरी बसली होती.

"न्यूट्रल करा, आम्ही ढकलतो की!" तालमीतली चार पोरं दंड चोळत आली. पण गाडी ऑटोमॅटिक आणि गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर. ब्रेक दाबला, बटण दाबलं, दांडा ढिम्म. पोरांनी तशीच ढकलून पाहिली. गाडी नुसती पुढंमागं डुलली, देवळातल्या हत्तीसारखी.

शेवटी उद्यमनगरातल्या कारखान्यांत आयुष्य काढलेले शेजारचे मामा छत्री घेऊन आले. आधी पोरांना बाजूला केलं. म्हणाले, "अरं, आत दातेरी चाक असतंय, त्यात खिट्टी पडलीया. रेडा लावलासा तरी हलायची न्हाई." आणि दांडा का हलत नाही? तर ब्रेक दाबल्यावर करंट येतो, तेव्हा त्याचं कुलूप सुटतं. बॅटरीच मेली तर करंट कुठला? बॅटरी चांगली असूनही कधी दांडा अडतो, तेव्हा मागचे ब्रेक लाइट लागतात का बघायचे. नसतील लागत तर पेडलजवळचा स्विच किंवा फ्यूज गेलेला असायचा. (एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला यंत्राचा हात बसवलेल्या गाड्यांत बहुधा 'पी'च नसतो, ही माहिती मामांनी त्या पाण्यात उभं राहून का दिली, देव जाणे.)

"हॅण्डब्रेक वडा आधी. खिट्टी सुटली की गाडी उताराला पळतीया. आनि बारका स्क्रू ड्रायव्हर द्या."

बारका म्हणजे घरात एकच, बायकोच्या शिलाई मशीनचा. दांड्याशेजारी नखाएवढं झाकण होतं. चार वर्षं मी त्याला शोभेची वस्तू समजत होतो. मामांनी ते उचकटलं, आतल्या भोकात टोक घालून दाबलं, माझा पाय ब्रेकवर ठेवायला लावला आणि बटण दाबून दांडा ओढला. टक्क. 'एन'.

"खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" पोरं ओरडली. ही आमची आरोळी कुस्तीपासून वरातीपर्यंत कुठंही चालते, पण इतकी अक्षरशः खरी झालेली मी पहिल्यांदाच ऐकली.

मग पोरांना त्यांचं काम मिळालं. इंजिन बंद, म्हणून ब्रेक दगडासारखा कडक आणि स्टिअरिंगही जड. ते मामांनी स्वतः धरलं. मला मागं ढकलायला लावलं. वरच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा पाणी आमच्या पहिल्या पायरीशी होतं.

झाकण त्या गडबडीत कुठंतरी वाहून गेलं. स्क्रू ड्रायव्हर मात्र तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो, आणि मशीनचा एखादा स्क्रू सैल झाला की बायको किल्ली घेऊन पार्किंगमध्ये जाते.