क्लच दाबला की सेल्फ घेते

गाडी सेल्फ घेत नाही, पण क्लच दाबून चावी फिरवली की कधीकधी घेते. गाडीवाल्या काकांनी हे वाक्य ज्या ज्या गॅरेजमध्ये सांगितलं, तिथे ऐकणाऱ्याने एकच अर्थ काढला: क्लच स्विच, म्हणजे पेडल दाबल्याशिवाय सेल्फ मारू न देणारा स्विच, गेला. एका वायरमनने तर 'स्विच मिळत नाही, जुनं मॉडेल आहे' असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. मिळेल कुठून? या गाडीला क्लच स्विच कंपनीने दिलेलाच नाही. पेडलच्या वर मान वाकडी करून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मान वाकडी करायला नको असते, पार्ट सांगायला सोपा असतो.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा तिच्यात नवी बॅटरी होती, नवा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) होता आणि बरोबर एक जाडजूड बिलांची पिशवी होती. मी आधी पिशवी बघतो. आधीच्या मिस्त्रीने काय बदललं यापेक्षा त्याला काय वाटत होतं ते बिलातून कळतं. क्लचप्लेटचं काम, मग काही महिन्यांनी क्लच वायर (पेडल आणि क्लच जोडणारी केबल), पुन्हा क्लच वायर, मग बॅटरी, मग सेल्फ. क्लचची बिलं काकांनी वेगळी पिनअप केली होती. 'तो प्रॉब्लेम वेगळा होता,' म्हणाले.

चावी फिरवली. टकटकटक. हा आवाज ऐकून कोणीही बॅटरी उतरली म्हणेल, आणि दहात आठ वेळा ते खरंही असतं. मी गॅरेजमधल्या पोराला हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. बॅटरी मेलेली असेल तर हेडलाइट पिवळे पडतात. हे मात्र जसेच्या तसे पांढरे. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, वाटेत कुणीतरी अडवतंय.

अशा वेळी ओहम मोजू नये. तांब्याच्या वायरीतली एक तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर 'ओके' दाखवतो, आणि सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर लागतात. म्हणून व्होल्ट मोजायचे, तेही चावी फिरवलेली असताना. उभ्या गाडीत बॅटरी 12.6 होती. चावी फिरवली तरी 12.3 च्या खाली उतरेना. चांगली बॅटरीसुद्धा सेल्फ ओढताना दहा-अकरापर्यंत येते, म्हणजे इथे सेल्फला पुरेसा करंट मिळतच नव्हता. प्लसकडून सेल्फच्या जाड वायरीपर्यंतचा फरक मोजला, नगण्य. मायनसवरून बॉडीपर्यंत, तोही नगण्य. मग मायनसवरून इंजिनच्या उघड्या लोखंडावर पिन टेकवली आणि काटा नऊच्या आसपास नाचायला लागला. तिथे पाव-अर्धा व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये.

बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये अर्थिंगची पट्टी असते, करंट बॅटरीकडे परत जायची वाट. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे या पट्टीशिवाय त्याचा बॉडीशी विजेचा धड संबंधच नसतो. मी जंपर केबल बॅटरीच्या मायनसला लावून दुसरं टोक थेट इंजिनला धरलं. पोराने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू. काका दचकून मागे सरकले.

तोपर्यंत माझ्या डोक्यात क्लचचं कोडं सुटलं नव्हतं. जंपर काढून पुन्हा सेल्फ मारायला लावला, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. क्लच वायरीच्या कव्हरवर हात ठेवला तर ती गरम! जवळजवळ सगळा करंट त्या वायरीतून परत जात होता. एक टोक गिअरबॉक्सवरच्या क्लचच्या आर्मला, दुसरं पेडलला, म्हणजे बॉडीला. पेडल दाबलं की वायर ताणली जायची, टोकं घट्ट टेकायची आणि तेवढ्यावर सेल्फ कसाबसा फिरायचा. आतलं अस्तर वितळून क्लच जड व्हायचा, म्हणून वायर बदलली जायची. नवी वायर पुन्हा तेच काम करायची. चार्जिंगही त्याच वाटेने, कारण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनवरच बसलेला. म्हणून बॅटरी उतरायची. रेसची वायरही यातला थोडा वाटा उचलत असणार, तीही कडक झाली होती.

पट्टी शोधायला गाडी वर घेतली. बॉडीकडच्या बोल्टला ती लटकत होती, सुस्थितीत, गंजसुद्धा नाही. गिअरबॉक्सकडचं टोक मोकळं. जिथे त्याचं कडं बसायला हवं, त्या बोल्टखाली आजूबाजूसारखीच तेलकट काजळी होती. पट्टी अलीकडे सुटली असती तर तिथे कड्याच्या आकाराची स्वच्छ जागा दिसली असती. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला, परत चढवला आणि पट्टी बाजूला राहून गेली, दुसरं काही मला तरी दिसत नाही. दोन्ही टोकं घासून पट्टी लावली. मीटर पाव व्होल्टच्या खाली आला. क्लच आणि रेस, दोन्ही वायरी बदलल्या. त्यात तडजोड नाही. अर्धवट जळकी वायर गाडीत ठेवणं म्हणजे आग लागायची वाट बघणं.

काकांनी क्लचवाल्याला माझ्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, 'माझ्याकडून गेली तेव्हा सेल्फवर गेली, काका.' आणि ते खरं आहे. इथेच मी अडकलोय. काम संपल्यावर त्याने सेल्फ मारला असेल, गाडी चालू झाली असेल, बोनेट पाडलं असेल. तेव्हा धडधाकट असलेल्या क्लच वायरीने तेवढं वाहून नेलं. पट्टी राहिल्याचं त्या दिवशी कोणत्याच चाचणीत दिसलं नसतं, व्होल्टचा फरक मोजल्याशिवाय. आणि क्लचचं काम झाल्यावर मीटर कोण काढतो? मीही काढत नव्हतो. आता काढतो, पोरगा त्याला कंटाळतो. जुन्या गाडीची क्लच वायर लवकर परत आली की पेडलकडे बघण्याआधी मायनस ते इंजिन मोजायचं, हे त्याला सांगून ठेवलंय.

काढलेला जुना सेल्फ काकांनी डिकीत ठेवला होता. बेंचवर लावून बघितला. खणखणीत फिरतो. नव्या बॅटरीचं वॉरंटीकार्ड ते अजून जपून ठेवतायत, आणि जुनी बॅटरी त्यांनी त्याच दुकानात मोडीत देऊन टाकली, ती बहुधा चांगलीच होती.