तीन महिने सांगायचं नाही, पण पेशंट तर उचलायचाय

मी नर्स आहे, ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डला. तिथे ज्यांनी ड्युटी केलीय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मांडीचं हाड मोडलेले ऐंशी किलोचे आजोबा दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असतात, नाहीतर पडून पडून पाठीला जखमा (बेडसोअर) होतात. बेडवर खाली घसरले की वर ओढून घ्यायचे, चादर बदलायची, बेडपॅन द्यायचं, परत सरळ करायचं. चार जणांचं काम, आणि नाईटला असतो आम्ही दोघी आणि एक मामा (वॉर्डबॉय), तो पण कुणाला तरी स्ट्रेचरवरून सीटी स्कॅनला घेऊन गेलेला असतो. हे सगळं मी पोटात बाळ असताना करत होते आणि वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं.

कारण तेच, आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नसतं ना. सासूबाई म्हणाल्या नजर लागते, आई म्हणाली काही कमीजास्त झालं तर लोकांना काय सांगत बसणार, आणि आईचं म्हणणं मला पटलं पण होतं खरं सांगायचं तर. पण गंमत बघा, पोट दिसायला लागल्यावर लोक हातातली बादली काढून घेतात, बसायला खुर्ची देतात, आणि शरीराची ओढाताण तर त्याच्या आधीच सुरू होते, पोट सपाट असताना! उलट्या, सतत झोप, औषधांच्या ट्रॉलीवर स्पिरिटचा वास आला तरी ढवळून यायचं, आणि जास्त वेळ एकाच जागी उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनने रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं, उभं राहिल्यावर रक्त पायात साचतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत, पण ड्रेसिंगला ट्रे धरून उभी असताना भिंत धरायची वेळ आली तेव्हा ते खरं कळलं.

माझी डॉक्टर एकदम सरळ बोलणारी आहे. तिने आधी माझी भीती काढली, म्हणाली पहिल्या तीन महिन्यातले निम्म्याहून जास्त गर्भपात क्रोमोसोमच्या गडबडीमुळे होतात, तू जिना चढलीस किंवा एकदा बादली उचललीस म्हणून काही होत नाही, उगाच स्वतःला दोष देत बसू नकोस. पण रोजचं वजन उचलणं, तासन् तास उभं राहणं आणि वर नाईट, हे सगळं एकत्र आलं की धोका थोडा वाढतो, तेवढं कमी कर. नायोश (NIOSH) या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा आकडा सांगितला तिने, पेशंट हाताने उचलायचा तर प्रेग्नंट नसलेल्या माणसालासुद्धा साधारण १६ किलोची मर्यादा. सोळा किलो! आमच्या आजोबांचा एक पाय प्लास्टरसकट तेवढा भरेल. आणि स्पॉटिंग (थोडंसं रक्त जाणं), पोटात कळ किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं की ड्युटी संपायची वाट बघायची नाही, तिथून उठून यायचं.

मग मी कायदा वाचायला बसले (नवरा म्हणाला झोप ना जरा, पण मला चैन पडेना). २०१७ पासून २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा झाली हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात जड काम किंवा जास्त वेळ उभं राहायचं काम नको म्हणायचा हक्क बाईला कधी आहे, तर डिलिव्हरीच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्या आधीचा एक महिना, ते पण तिने मागितलं तरच. म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यानंतर. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसंच उतरवलंय. पहिल्या तीन महिन्यांचं काय? गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा आहे, प्रेग्नन्सीमुळे आजारी पडलात तर सर्टिफिकेटवर एक महिन्यापर्यंत आहे. म्हणजे काहीतरी बिघडल्यावर रजा मिळेल, बिघडू नये म्हणून हलकं काम मात्र मिळेलच असं नाही. हे वाचून माझी जी सटकली ना!

वॉर्डात आधी ओळखलं ते आमच्या मावशीने, म्हणजे आयाबाईने. बीडकडची आहे, लग्नानंतर कितीतरी सीझन कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला गेलेली. मी आजोबांना वळवायला ड्रॉ शीट (पेशंटच्या खालची आडवी चादर) धरली तर माझा हात बाजूला करून म्हणाली, "सिस्टर, तुमी सरका, म्या धरते." एवढंच, विचारलं काहीच नाही. नंतर चहा पिताना सांगत होती, तिसऱ्या महिन्यात पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, एक दिवस बसलं की खाडा, म्हणजे दंड. "वकारी आली की तिथंच पाचटात वकायचं आन परत कोयता धरायचा." तिच्या जावेची गर्भाची पिशवी काढलीय, पस्तिशीच्या आत. २०१९ ला सरकारच्या समितीने बीडमध्ये पाहणी केली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली होती. पाळी नको, खाडा नको. हे ऐकून माझा त्रास छोटा वाटला का? नाही वाटला. तिला पण तेव्हा कुणीतरी "तू सरक" म्हणायला हवं होतं, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं. आधी ते ठरलेलं वाक्य आलंच, "आम्ही नाही का आठव्या महिन्यापर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्या राहिलो." हो राहिलात, पण राहायला लागलं हे काय भारी आहे का? (हे मनात.) तोंडाने म्हटलं, सिस्टर सुट्टी नकोय, फक्त उचलायचं काम नको, आणि पोर्टेबल एक्स-रे आला की मी बाहेर जाणार. थोडं गप्प बसल्या, मग रजिस्टर ओढून नाईट काढून टाकल्या, मला औषधं, इंजेक्शनं आणि चार्टिंग दिलं. एक-दोघी कुजबुजल्या की आजार थोडीच आहे, त्यांच्याही बाजूने बघते मी, माझ्या वाट्याचे पेशंट त्यांनाच वळवावे लागतात ना, माणसं वाढवून तर कुणी देत नाही. म्हणून तर माझं म्हणणं आहे की हे एकीने दुसरीवर उपकार करायचं कामच नाहीये, नाईटला माणूस वाढवा, पेशंट सरकवायची स्लाइड शीट द्या. ती घसरती शीट काही फार महागाची वस्तू नाही, पाठ आमच्या सगळ्यांचीच वाचेल, मामाची पण. मॅनेजमेंटकडे मागणी लेखी दिलीय, खाली सही माझी आणि त्या कुजबुजणाऱ्या दोघींची पण.