डाव्या लाटेचा घोळ आणि चार बोटांचा फरक

सापडलं एकदाचं! तीन आठवडे, टेक्सासातल्या लेक ट्रॅव्हिस या तळ्याच्या सहा फेऱ्या आणि टाकीभर पेट्रोल घालवून दोष निघाला तो माझ्याच हातचा.

थोडक्यात मागची गोष्ट: बोटीमागे दोरी धरून, पायाखाली वेकबोर्ड बांधून, बोटीच्या मागे उठणाऱ्या दोन लाटा ओलांडायचा आमचा छंद. लाटा मोठ्या व्हाव्यात म्हणून बोटीत पाण्याचं वजन भरतात. आमची जुनी २१ फुटी व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागे असलेली) बोट, कंपनीच्या टाक्या काढून मागच्या दोन्ही लॉकरमध्ये ७५० पौंडांच्या सॅक, म्हणजे पाणी भरायच्या मऊ पिशव्या, पुढे ६५०ची. एक मागची सॅक म्हणजे ९० गॅलन, ३४० लिटर पाणी. तासाला ८०० गॅलन टाकणाऱ्या एरेटर पंपाला कागदावर पावणेसात मिनिटं पुरतात, आमच्याकडे अकरा लागतात. असो, तेवढ्यात थर्मासमधला चहा होतो.

उजवी लाट पहिल्याच दिवशी झकास उभी राहिली. डावीची कड मात्र सगळी फेसाळलेली. हीलसाइडने, म्हणजे टाचांवर भार देऊन, लाट ओलांडायला जावं तर बोर्डाखाली भुसभुशीत वाळू असल्यासारखं.

पहिला संशय माझ्यावरच. स्टिअरिंग उजवीकडे, आणि मी ९२ किलोचा. म्हणून बायकोला डावीकडे बसवलं, कूलरही तिकडे सरकवला. पाच मिनिटं लाट सुधारली, मग पुन्हा जैसे थे. ट्यूब खरं तर तिथेच पेटायला हवी होती. कूलर जागचा हलला नव्हता, बायकोही नाही, मग पाच मिनिटांत बदललं काय? पण मी प्रॉपच्या (बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या) फिरण्याला दोष देत बसलो. वेग ताशी २१ ते २३ मैलांत खालीवर केला, दोरी ७० फुटांवरून ६५वर आणली. शेवटी डावी सॅक काढून अंगणात रात्रभर भरून ठेवली. सकाळी थेंब बाहेर नाही.

दुसरा पुरावाही डोळ्यांसमोर होता. ट्रॅव्हिसमध्ये २०१७ साली झेब्रा शिंपले (बोटीतल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यांत पसरणारे) सापडले, आणि टेक्सासात तळं सोडताना बोटीतलं सगळं पाणी काढणं कायद्याने सक्तीचं आहे. त्यामुळे दर वेळी रॅम्पवर (बोट बाहेर काढायच्या उतारावर) सॅक रिकाम्या कराव्या लागतात. डावी नेहमी मिनिटभर आधी रिकामी व्हायची, आणि मी मित्रांना सांगत होतो, हा पंप बघा, काय मस्त लागलाय!

गेल्या शनिवारी वेकबोर्डच्या दोन पाळ्यांच्या मध्ये बोट थांबली होती, पंप बंद. बायको म्हणाली, "अरे, ही बाजूने धार कसली पडतेय?"

डाव्या व्हेंटमधून, म्हणजे सॅकमधलं जास्तीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकातून, करंगळीएवढी धार. बघितलं आणि गावचे काका आठवले. लुनाच्या टाकीत नळी, तोंडाने एक झुरका, नळीचं टोक खाली बाटलीत, की पेट्रोल आपोआप चालू. माझ्या बोटीत झुरका मारायचं काम पंप करत होता. सॅक भरली की जास्तीचं पाणी व्हेंटच्या नळीतून बाहेर पडतं, नळी पाण्याने भरते आणि पंप बंद केला तरी सायफन चालूच राहतो. नवी सॅक जुन्या टाकीपेक्षा उंच. उजवीकडे वर जुनं भोक होतं, ते वापरलं. डावीकडे कपहोल्डर आडवा आला म्हणून मी नवं भोक चार बोटं खाली पाडलं. बोटीत चार बोटांनी घात केला! सॅक मऊ, आत हवा शिरत नाही, ती चपटी होत जाते आणि पाण्याची पातळी व्हेंटच्या तोंडाशी आली की धार थांबते. हिशेब केला तर तेवढ्यात १३ गॅलन, म्हणजे पन्नास किलो जातात. एक माणूस जागा बदलला तरी लाट बदलते, तिथे हे.

नवं भोक पाडायची हिंमत नव्हती. नळी लॉकरच्या छताला टेकेल इतकी वर घेतली आणि सर्वांत उंच जागी टी-जॉइंट लावून त्यावर हवा आत घेणारा छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह बसवला. जुने क्लॅम्प 'स्टेनलेस' म्हणून एका मोठ्या दुकानातून आणले होते, दोन महिन्यांत तांबूस झाले. आता बोटींच्या दुकानातले, दुप्पट किमतीचे. क्लॅम्पमध्ये कंजूषी करू नका रे.

धक्क्यावर चाचणी घेतली. सॅक भरली, व्हेंटमधून पाणी आलं, पंप बंद केला. एक गुडगुड, नळीने हवा गिळली आणि धार तुटली. दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मग २२ मैल, ७० फूट, आणि दोन्हीकडे सारखी, कडक कड. हीलसाइड या लाटेवरून त्या लाटेपर्यंत पहिल्यांदाच पार झालं. उतरताना गुडघे कुरकुरले, पण पार झालं.

आता सगळं वजन जागेवर राहतंय म्हटल्यावर प्लेनवर यायला, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून धावायला, बोट कुथते. पुढे वजनासाठी शिशाच्या पिशव्या टाकायचा विचार होता, तो तूर्त रद्द. आधी कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर ढकलणारा) प्रॉप, म्हणजे बोट लवकर उचलेल. शिसं थंडीत बघू. किंवा पुढची सॅकच मोठी घ्यावी का? लाट थोडी उभट आहे, नाकावर वजन वाढलं तर लांब होईल.

हे लिहिता लिहिता शंका आली म्हणून गॅरेजमध्ये टेप लावून आलो. पुढच्या सॅकचा व्हेंटही तीन बोटं खाली आहे. म्हणजे ६५०ची म्हणून जी मोजत होतो ती कधीच ६५०ची नव्हती. मोठ्या सॅकचं राहू दे, उद्या आणखी एक टी आणि एक व्हॉल्व्ह.