फेअरबँक्समधला उन्हाळा : न मावळणारा सूर्य आणि जमिनीतून येणारा धूर

२०२२च्या जूनअखेरीस मी आणि पत्नी अलास्कातील फेअरबँक्सला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो. सिॲटलहून साडेतीन तासांचा विमानप्रवास होता. उतरताना डावीकडची खिडकी मिळाली तर देनाली शिखर दिसेल, असे तिने आवर्जून कळवले होते. खिडकी मिळाली, पण ६,१९० मीटर उंचीच्या त्या पर्वताच्या जागी क्षितिजापर्यंत पिवळट करड्या रंगाचा एक सपाट थर तेवढा पसरलेला दिसला. विमान त्या थरात शिरले आणि काही क्षणांतच केबिनमध्ये जळका वास आला. पत्नीला दम्याचा त्रास आहे. तिने पदर नाकाशी धरला तेव्हाच, आपण थंड हवेच्या ठिकाणी निघालो आहोत या समजुतीने मास्क घरीच ठेवल्याची चूक माझ्या ध्यानात आली.

फेअरबँक्स आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर आहे. जुलैच्या आरंभी तिथे सूर्य रात्री साडेबाराच्या सुमारास मावळतो, तीननंतर पुन्हा वर येतो आणि मधल्या वेळेतही अंधार असा पडतच नाही. हिवाळ्यात उणे ४० अंश सोसणाऱ्या या गावात उन्हाळ्यात पारा ३० अंशांपर्यंत चढतो, हे ऐकून माहीत होते. त्या उन्हाचा त्रास किती होतो, हे मात्र तिथे राहिल्यावरच कळले. तिथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. भिंती जाड, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा, वातानुकूलन बहुतेक घरांत नाहीच. एकवीस-एकवीस तास ऊन खाऊन तापलेले घर थंड करायचे तर खिडक्या उघडणे हा एकच मार्ग, आणि खिडकी उघडली की धूर आत.

पहिल्या रात्री अकरा वाजता समोरच्या भिंतीवर तांबूस उजेडाचा एक चौकोन पडला होता. बाहेर पाहिले तर धुरामागे तांब्याच्या पैशासारखा सूर्य होता. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते, म्हणजे धूर किती दाट असेल! बहीण खिडकीशी उभी राहून फोनवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहत होती. "दादा, आता उघडू नकोस. आकडा उतरला की पहाटे अर्धा तास उघडू," ती म्हणाली. पुढचे दहा दिवस आमच्या दिवसाचे वेळापत्रक त्या आकड्याने ठरवले.

तिने पत्नीसाठी एक खोली राखून ठेवली होती. दाराखाली ओला टॉवेल, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी आणि मध्ये एक चौकोनी पंखा, ज्याच्या पाठीला घर गरम करण्याच्या यंत्रणेत वापरतात तो घडीदार कागदी फिल्टर चिकटवलेला. हा घरगुती उपाय तिथे पुष्कळ जण करतात. लावला तेव्हा फिल्टर पांढराशुभ्र होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या घड्यांच्या कडा चहाच्या डागासारख्या तपकिरी झाल्या, आणि आठव्या दिवशी मी बोट फिरवले तर बोटाला काजळी लागली. त्या खोलीत पत्नी रात्री सलग झोपू शकली, याबद्दल मी बहिणीचा ऋणी आहे.

या धुराचा वास मला पहिल्यापासून खटकत होता. सह्याद्रीतल्या वणव्यांचा वास मला ओळखीचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरउतारावरचे वाळलेले गवत पेटते, रात्रभर आगीची रेघ सरकत राहते आणि सकाळी उतार काळा पडलेला असतो. इथला वास तसा नव्हता. ओल्या गोवऱ्या धुमसाव्यात तसा जड, आंबूस वास होता. त्याचे कारण बहिणीच्या यजमानांनी मला घरामागच्या रानात नेऊन प्रत्यक्ष दाखवले. तिथे ब्लॅक स्प्रूसची झाडे आहेत, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची, काटकुळी, खालच्या वाळक्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. त्या झाडांखाली शेवाळाची गादी असते. यजमान म्हणाले, "हात घालून पाहा." वरचे शेवाळ पापडासारखे कुरकुरीत होते. मनगटापर्यंत हात गेला तेव्हा काळपट, अर्धवट कुजलेला थर लागला, आणि कोपराजवळ पोचेतो बोटांना बर्फासारखा गारवा जाणवला. त्याखाली कायम गोठलेली जमीन असते.

इथे आग लागते ती मुख्यतः या गादीला. फेअरबँक्सला वर्षभरात जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, कारण दक्षिणेकडची अलास्का पर्वतरांग समुद्रावरचे बाष्प अडवते. जूनच्या लांब दिवसांत वरचे शेवाळ काही तासांत कोरडे होते, दुपारी तापलेल्या हवेतून ढग चढतात आणि पावसाचे चार थेंब टाकून विजा मात्र पुष्कळ पाडतात. ठिणगी खाली पडली की टेकलेल्या फांद्यांच्या शिडीवरून ज्वाळा शेंड्यापर्यंत जातात; पण झाडे जळून गेल्यावरही खालचा थर आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो. क्वचित हिवाळाभर बर्फाखाली धग टिकते आणि वसंतात आग पुन्हा वर येते. थंडीमुळे न कुजता दशकानुदशके, काही ठिकाणी शतकानुशतके साठत गेलेले सेंद्रिय द्रव्य आम्ही श्वासावाटे आत घेत होतो. हे समजल्यापासून मला त्या धुराची अधिकच काळजी वाटू लागली, कारण वरची गादी जळाली की खालच्या गोठलेल्या जमिनीचे पांघरूण जाते आणि ती वितळू लागते.

आग हा या रानाचा जुना धर्म आहे, हेही खरे. ब्लॅक स्प्रूसच्या शेंड्यावरची राळेने मिटलेली बोंडे आगीच्या उष्णतेने उघडतात आणि बी सांडते. जळलेल्या जागी पुढच्या वर्षी मोरेल नावाच्या अळंब्या येतात, आपल्याकडे गुच्छी म्हणून महागड्या दराने विकल्या जाणाऱ्या, आणि मग फायरवीडची जांभळट गुलाबी फुले. म्हणूनच वस्तीपासून दूरच्या आगी तिथले वनविभाग बहुधा जळू देतात व फक्त लक्ष ठेवतात. साधारण साडेपाच महाराष्ट्र मावतील एवढ्या मुलखात प्रत्येक आग विझवणे शक्यही नाही. काळजी वाटते ती मोठ्या आगींच्या वर्षांच्या वाढलेल्या संख्येची. २००४ मध्ये अलास्कात ६६ लाख एकर जळाले. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तरी तेवढे क्षेत्र भरणार नाही. २०१५ मध्ये ५१ लाख एकर, आणि आम्ही गेलो त्या वर्षी सुमारे ३१ लाख.

एका दिवशी आकडा थोडा उतरला म्हणून आम्ही नेनाना गावापर्यंत गेलो. त्याच्या पुढे, अँडरसन गावाजवळ २१ जूनला विजेमुळे लागलेली आग अजून चालू होती, तिचा धूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीसारखा उभा होता. नेनानाला टानाना नदीच्या काठी लाकडी तिकाटणे पाहिले. हिवाळ्यात ते गोठलेल्या नदीवर उभे करतात, आणि बर्फ फुटून ते नेमके कोणत्या मिनिटाला हलेल यावर १९१७ पासून लोक पैसे लावतात. ही सोडत असली तरी तिच्यामुळे शंभरहून अधिक वर्षांची, मिनिटापर्यंत अचूक अशी नोंद हवामानाच्या अभ्यासकांना मिळाली आहे. २०१९ मध्ये बर्फ १४ एप्रिललाच फुटला, त्या साऱ्या नोंदीतला सर्वांत लवकर. बर्फ लवकर गेला की जमिनीला वाळायला जास्त दिवस मिळतात. तिकाटण्याकडे पाहताना मागे ते धुराचे भिंताड दिसत होते, आणि पत्नी गाडीत काचा लावून बसली होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी वारा फिरला आणि दुपारी तासभर चांगला पाऊस झाला. उत्तरेकडच्या टेकड्या आम्हाला तेव्हा प्रथमच दिसल्या. पत्नीने स्वतः उठून खोलीच्या खिडकीची चिकटपट्टी सोडवली. बहिणीने पंख्यामागचा काळवंडलेला फिल्टर काढून कचऱ्याच्या पिशवीत घातला, कपाटातून नवा आणला, त्याच्या पुठ्ठ्याच्या कडेवर पेनने तारीख लिहिली आणि तो पुन्हा पंख्याला चिकटवला. ऑगस्ट अजून यायचा होता.