आज ओलं नाही!

सकाळी कचरागाडीचं गाणं वळणावर ऐकू आलं की आमच्या जिन्यात चपलांची धावपळ सुरू होते. इंदूरचा माणूस एक वेळ पोहे गार करून खाईल, पण गाडी चुकवणार नाही. मीही उतरते. कोरड्या कचऱ्याचा डबा देते आणि मागे वळते. गाडीवरचा भैया दर दोन-तीन दिवसांनी विचारतो, "दीदी, गीला?" मी म्हणते, "आज नहीं है." या घरात चूल पेटते की नाही, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. एकदा तर त्यानं काळजीनं विचारलं, "घर में सब ठीक है ना?"

ओलं असतं हो. चांगलं डबाभर असतं. पण ते मला हवं असतं.

आमची बाल्कनी नऊ फूट बाय चार, तिसऱ्या मजल्यावर, तोंड पश्चिमेला. तिच्यात एसीचा डबा, कपड्यांचा स्टँड, सासूबाईंची खुर्ची, आणि उरलेल्या जागेत माझी 'बाग'. तसं या गावाला बागांची काय कमी? रामबाग, नारायणबाग, छत्रीबाग, माणिकबाग, लालबाग, सगळ्या पत्त्यावर शाबूत आहेत. नवलखा नावाच्या भागात म्हणे एके काळी नऊ लाख झाडं होती. मोजली कुणी, ते मात्र कुणी सांगत नाही. सासूबाईंचं माहेर रामबागेतलं. तिथल्या अंगणात पारिजातक, कर्दळ, आळू असं सगळं आपोआप यायचं, असं त्या सांगतात. अंगणातलं आपोआप येतं. कुंडीत काहीही आपोआप येत नाही, हे मला चार वर्षांत कळलंय.

पहिल्यांदा मी मातीची पिशवी विकत आणली, तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली. "माळव्यात राहून माती विकत?" सासूबाई म्हणाल्या आणि पाठोपाठ ती म्हण आली, जी इथे प्रत्येकाला पाठ असते: मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर. मग नवरा सांवेरकडच्या एका ओळखीच्या शेतातून दोन पोती काळी माती घेऊन आला. मोगरा लावला, जास्वंद लावली.

काळी माती शेतात लक्ष्मी आहे. कुंडीत ती वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन ती अशी फुगली की मुळांना श्वास घ्यायला जागा उरली नाही. मोगरा पिवळा पडला आणि गेला. उन्हाळ्यात उलटं. माती आक्रसली, मध्ये ढेकळासारखी घट्ट झाली आणि कुंडीच्या कडेनं बोटभर फट पडली. मी भक्तिभावानं तांब्याभर पाणी घालायची, ते त्या फटीतून सरळ खाली जायचं, भोकातून बाहेर यायचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेल्या पापडांवर टपकायचं. मुळं कोरडी ती कोरडीच. काकू भल्या आहेत, पण पापडांच्या बाबतीत कुणीच भलं नसतं.

शिवाय वजन! बारा इंची कुंडी भिजली की पंधरा-वीस किलोला जाते. अशा आठ कुंड्या कठड्याशी ओळीनं मांडल्यावर नवऱ्यानं इंजिनिअरच्या नजरेनं स्लॅबकडे पाहिलं. (तो इंजिनिअर नाही.) तेव्हा आता काळी माती एक वाटा, खत एक वाटा, उरलेल्यात रेती आणि नारळाचा भुसा, आणि कुंड्या भिंतीच्या बाजूला. खतासाठी हवं ओलं.

खताच्या बाबतीत माझा गावाभिमान जरा जास्तच उफाळतो. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ इंदुरात होते. आपलं कृषी महाविद्यालय आहे ना, तिथेच त्यांची संशोधन संस्था होती. काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, तीनदा उलथायचे, तीन महिन्यांत खत तयार; ही रीत त्यांनी इथे बसवली. 1931 साली त्यावर पुस्तक निघालं, त्यावर सहलेखक म्हणून नाव आहे यशवंत वाड यांचं. जगभरच्या खतवेड्यांना ही रीत 'इंदूर पद्धत' म्हणून माहीत आहे. आपल्याला इंदूर म्हटलं की शेव आठवते.

माझी इंदूर पद्धत म्हणजे भोकं पाडलेल्या रंगाच्या दोन बादल्या. एक थर सालींचा, एक सुक्या पाल्याचा. पहिल्या खेपेला पाल्याचा कंटाळा केला, तर आठवड्यात असा वास सुटला की सासूबाईंनी खुर्ची आत घेतली. वर पांढऱ्या अळ्या. "मी काय म्हणते, हे काय पाळून राहिलीस तू?" अळ्या काही करत नाहीत, उलट कामच करतात, हे त्यांना पटलं नाही, वास मात्र दोन ओंजळी पाला टाकल्यावर दुसऱ्या दिवशी निम्मा झाला. तेव्हापासून फाल्गुनात कॉलनीतल्या पिंपळाखाली मी पोतं घेऊन उभी असते. लोक नमस्कार करून पुढे जातात.

मेथी मात्र कुणालाही जमते. फळांच्या क्रेटमध्ये दाणे फेकायचे, चौथ्या दिवशी कोंब, महिन्याभरात एका वेळची भाजी. बाजारच्या जुडीतल्या पुदिन्याच्या काड्या पेल्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं सुटतात. गुलाबाचं विचारू नका.

आता खरी अडचण. इंदूरच्या कडेला देवगुराडियाला 2022 पासून मोठा प्रकल्प चालतो, दिवसाला 550 टन ओला कचरा पचवण्याच्या ताकदीचा. त्यातून गॅस निघतो, त्यावर शहरातल्या बसगाड्या चालतात. म्हणजे माझ्या दुधीच्या सालींवर बसचाही हक्क आहे. 2017 पासून स्वच्छतेत अव्वल राहिलेल्या शहरात मी ओला कचरा लपवून ठेवते, हे कळलं तर काय म्हणतील लोक?

परवा श्रावणातल्या रविवारी घरात पंधरा माणसं होती आणि बेत होता भुट्ट्याच्या किसाचा. तीस भुट्टे किसले. कणसांची बुरखुंडं बादलीत महिनोन्‌महिने जशीच्या तशी राहतात, हा माझा जुना अनुभव. गेल्या वर्षीचं एक अजून मेथीच्या क्रेटमध्ये सापडतं. शेवटी सोमवारी सकाळी दोन्ही हातांत भरगच्च हिरव्या पिशव्या घेऊन मी खाली उतरले. भैयानं पिशव्या उचलल्या, वजन जोखलं, आत डोकावला.

"दीदी," तो म्हणाला, "इतने दिन का जमा कर रखा था?"